ते कुणावर तरी पडणारच होतं

प्रस्तावना

आमच्या घरात एकाच लाकडाला चार नावे आहेत. केलगेरीत राहायला आल्यापासून दर रविवारी धारवाडच्या देवळात मी कन्नड उपासना ऐकते. तिथे ते 'शिलुबे' असते. बेळगावच्या माझ्या माहेरी, मराठी प्रॉटेस्टंट घरात, ते 'वधस्तंभ' होते. माझी भावजय वसईची कॅथलिक. ती 'क्रूस' म्हणते. आणि केलगेरीवरून जाणारा गोव्याचा रस्ता धरून अनमोडचा घाट उतरलात, की त्याचेच 'खुरीस' होते.

'शिलुबे' मूळचा सिरियन ख्रिस्ती लोकांच्या भाषेतला, दक्षिणेतून फिरत कन्नडात आलेला. 'क्रूस' आणि 'खुरीस' पोर्तुगीजांच्या गलबतांतून उतरले. 'वधस्तंभ' मात्र भाषांतरकारांनी मराठीसाठी मुद्दाम घडवला. शब्द बोजड आहे, पण चौघांत तोच खरे बोलतो. गळ्यातल्या साखळीत क्रूस असतो. 'मी गळ्यात वधस्तंभ घातलाय' असे कुणी म्हणत नाही. कारण तो शब्द उच्चारला की दागिना नाहीसा होतो आणि समोर एक माणूस मारला जाताना दिसतो.

या संग्रहात मराठीतले असे लेखन एकत्र आणले आहे, ज्याला त्या माणसाच्या मरणाबद्दल काही सांगायचे आहे. ख्रिस्ती श्रद्धा म्हणते की येशू ख्रिस्ताने सोसलेले दुःख माणसाच्या पापासाठी होते. हे वाक्य ख्रिस्ती घरातल्या मुलाला पाढ्यांबरोबर पाठ होते. ख्रिस्ती नसलेल्या मराठी वाचकाच्या कानावरूनही ते भिंतीवरच्या रंगवलेल्या वचनांतून, कधी एखाद्या पत्रकातून गेलेले असते. दोघांनीही ते थांबून ऐकलेले नसते. पहिल्याला ते फार ओळखीचे, दुसऱ्याला फार परके. दोघांना एका बाकावर बसवता आले तर पाहावे, एवढ्याचसाठी हा खटाटोप.

ख्रिस्ती नसलेल्या वाचकाचा पहिला आक्षेप मला ठाऊक आहे, कारण तीस वर्षे मराठी शिकवताना तो वर्गात दरवर्षी ऐकला. करावे तसे भरावे, ही आपल्या बोलण्यातली रोजची म्हण. पाप एकाचे आणि भोग दुसऱ्याचे, हा कुठला न्याय? त्यातून हा दुसरा निरपराध. चोर सोडून संन्याशाला फाशी देणे यालाच म्हणतात. आक्षेप खोटा नाही. पुढे जो कुणी या विषयावर बोलेल त्याने या आक्षेपाला आधी नमस्कार करावा आणि मगच तोंड उघडावे.

ज्ञानेश्वरांच्या आईवडिलांची कथा मराठी माणसाला सांगायला लागत नाही. संन्यास घेतलेले विठ्ठलपंत गुरूच्या आज्ञेने पुन्हा संसारात आले, चार मुले झाली, आळंदीने त्यांना वाळीत टाकले. शास्त्राचा आधार विचारला तेव्हा उत्तर आले: देहान्त प्रायश्चित्त. परंपरा सांगते की विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाई यांनी मुलांना मागे ठेवून जलसमाधी घेतली. मुलांचा मार्ग मोकळा व्हावा म्हणून आईबाप मेले. तरी मुलांना शुद्धिपत्रासाठी पैठणची वाट धरावी लागलीच. ही गोष्ट ऐकताना आपण 'करावे तसे भरावे' म्हणत नाही. आपल्या घशात आवंढा येतो. एकाने दुसऱ्यासाठी मरणे आपल्याला अन्यायाचे वाटते आणि त्याच वेळी ते फार मोठेही वाटते. या दोन भावना एकत्र धरून ठेवता आल्या, तर ख्रिस्ती श्रद्धेच्या दारापर्यंत आपण पोचलो.

पण दाराशी एक फरक उभा आहे. आळंदीच्या कथेत प्रायश्चित्त सांगणारे वेगळे आणि ते घेणारे वेगळे. निकाल देणारे घरी गेले, नदीत उतरले ते दुसरेच. ख्रिस्ती श्रद्धेचा दावा असा, की इथे निकाल देणारा आणि नदीत उतरणारा एकच आहे. ज्याच्याविरुद्ध अपराध झाला त्यानेच प्रायश्चित्त अंगावर घेतले. हा दावा पटो न पटो, तो नेमका काय आहे हे कळले पाहिजे. नाहीतर रागावलेला बाप आणि मार खाणारा निरपराध मुलगा असे एक भयंकर चित्र तयार होते, आणि खेदाची गोष्ट अशी की काही प्रवचनांनीच ते रंगवले आहे. पौलाने करिंथकरांना लिहिले ते याच्या उलट होते: देव ख्रिस्ताच्या ठायी राहून जगाशी आपला समेट करत होता. देव वर बसून पाहत नव्हता, तो तिथे लटकलेला होता.

आता घडले काय ते साध्या शब्दांत. इसवी सनाच्या तिसाव्या वर्षाच्या आसपास, पंतय पिलात नावाचा रोमन सुभेदार यहूदियावर असताना, गालीलच्या एका फिरत्या गुरूला वल्हांडण सणाच्या सुमारास जेरुसलेममध्ये पकडले आणि शहराबाहेर खिळ्यांनी ठोकून मारले. ही रोमची गुलामांसाठी आणि बंडखोरांसाठी राखून ठेवलेली शिक्षा होती. त्याआधी शंभर वर्षे, इ. स. पू. ७१ मध्ये, स्पार्टाकसचे गुलामांचे बंड मोडल्यावर कापुआपासून रोमपर्यंतच्या हमरस्त्यावर सहा हजार माणसे अशीच टांगली होती. मारणे हा या शिक्षेचा निम्मा हेतू. उरलेला निम्मा हेतू येणाऱ्या-जाणाऱ्यांनी पाहावे, हा. म्हणजे मरणाइतकीच ती विटंबनेची शिक्षा होती. ख्रिस्ती लोक उपासनेत जो मतांगीकार म्हणतात, त्यात देवाच्या नावाबरोबर या एका मध्यम दर्जाच्या अंमलदाराचे नाव आजही घेतले जाते. ते मुद्दाम आहे. ही कथा 'एके काळी' घडत नाही. ती कुणाच्या तरी अमलाखाली, एका तारखेला, एका गावाच्या वेशीबाहेर घडते.

पहिल्या शिष्यांपुढे प्रश्न होता तो याचा अर्थ लावण्याचा. त्यांच्याजवळ होते त्यांचे यहुदी धर्मग्रंथ. त्यांत मिसरातून सुटकेच्या रात्री दाराच्या चौकटीला लावलेले कोकराचे रक्त होते. मृत्यू ते घर ओलांडून गेला, म्हणून त्या सणाचे मराठी नाव 'वल्हांडण'. लेवीयच्या पुस्तकातले दोन बकरे होते: एक वेदीवर मारायचा, आणि दुसऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून साऱ्या लोकांचे अपराध कबूल करून त्याला रानात सोडून द्यायचा. यशयाच्या त्रेपन्नाव्या अध्यायातला तो अनामिक सेवक होता, ज्याला लोक देवाने मारलेला समजले आणि मग ओळखले की तो आपलेच दुखणे वाहत होता. या सगळ्या प्रतिमा शिष्यांनी एका माणसावर आणून ठेवल्या. त्या एकमेकींत पूर्ण बसत नाहीत. कोकरू आणि सेवक, वेदी आणि रान, हे सारे एका सूत्रात ओवायचा आग्रह नव्या करारानेही धरलेला नाही.

पुढे प्रत्येक काळाने आपापल्या कचेरीची भाषा वापरली. सुरुवातीच्या शतकांत गुलामांचा बाजार डोळ्यांसमोर होता, म्हणून सुटकेच्या किमतीची भाषा आली. अकराव्या शतकाच्या शेवटी अँसेल्मने सरंजामदारांच्या युरोपात लिहिले: धन्याच्या मानाला धक्का लागला आहे, त्याची भरपाई हवी, आणि ती माणसाच्या ऐपतीबाहेरची आहे. त्याच्यामागून आलेल्या आबेलारचा रोख वेगळा होता. या मरणात दिसणाऱ्या प्रेमाने माणसाचे मन फिरते, हे त्याला महत्त्वाचे वाटले. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारकांनी न्यायालय उभे केले: आरोपी, दंड, निर्दोष ठरणे. विसाव्या शतकात स्वीडनच्या ऑलेनने रणांगण पुन्हा आठवून दिले: क्रूस हा पाप आणि मरणाशी झालेला सामना, आणि त्यात ख्रिस्त जिंकला. १९७२ साली जर्मनीत मोल्टमान यांनी 'क्रूसावरचा देव' या नावाचाच ग्रंथ लिहिला. महायुद्धातला तुरुंगवास पाहिलेल्या त्या माणसाला, ज्याला दुःख होऊ शकत नाही असा देव पुरेना. एक गोष्ट लक्षात घ्यावी. ख्रिस्ती मंडळीने येशू कोण याबद्दल परिषदा भरवून शब्द न् शब्द ठरवला, पण त्याच्या मरणाने माणूस नेमका कसा सुटतो याचा एकच सिद्धान्त त्या परिषदांनी कधी बांधून दिला नाही. 'आमच्यासाठी' एवढाच शब्द ठेवला आणि बाकीचे मोकळे सोडले.

मराठीतही हा मोकळेपणा शब्दांतून दिसतो, आणि या संग्रहाचा खरा रस तिथेच आहे. मार्काच्या शुभवर्तमानात येशू आपला जीव पुष्कळांसाठी देण्याबद्दल बोलतो, तिथे रूढ मराठी बायबलात 'खंडणी' आहे. भाषांतरकारांच्या काळात खंडणी राजाला भरायची असे. आज ती गुंड मागतात. वर्गात हा उतारा वाचला की मागच्या बाकावरून हसू यायचे, आणि पोरांचे काही चुकत नव्हते: खंडणी भरली ती कुणाला? सैतानाला म्हणावे तर तो मालक कधी झाला? देवाला म्हणावे तर तो खंडणीखोर ठरतो. गंमत अशी की नेमका हाच प्रश्न चौथ्या शतकातल्या ग्रीक धर्मपंडितांनाही अडला होता. शब्द ताणला की फाटतो. सुटकेला किंमत पडली, इतकेच तो सांगतो. कुणी कुणाला पैसे मोजले, हे विचारू नये.

दुसरा शब्द 'बळी'. हा मराठीत दुधारी आहे. बळी म्हणजे वेदीवर दिलेला जीव. आणि बळी म्हणजे तो राजा, ज्याला पाताळात दाबले आणि ज्याचे राज्य पुन्हा येवो असे आपल्या आया दिवाळीला ओवाळताना म्हणतात. महात्मा फुल्यांनी 'गुलामगिरी'त (१८७३) येशूला याच बळीराजाच्या ओळीत बसवले. फुले ख्रिस्ती झाले नाहीत, पापक्षमेचा सिद्धान्त त्यांना सांगायचा नव्हता. पण मारला गेलेला आणि राज्य येणारा हे दोन्ही एकच असू शकतात, हे त्यांना मराठी शब्दानेच दाखवले. पाश्चात्त्य ईश्वरविज्ञानाला 'बळी' आणि 'विजेता' यांची सांगड घालायला जाडजूड ग्रंथ लागले. आपल्याकडे ती एका शब्दात आयती होती.

ही शब्दांची शोधाशोध जुनी आहे. १६१६ साली गोव्यात राचोलला इंग्रज जेझुइट थॉमस स्टीफन्सचे 'क्रिस्तपुराण' रोमी लिपीत छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या. हा माणूस १५७९ मध्ये गोव्यात उतरला, त्याने इथली भाषा अशी आपली केली की ख्रिस्ताची कथा सांगायला पुराणाचा घाटच निवडला, आणि स्वर्गाला वैकुंठ म्हणायला कचरला नाही. पुढे गोव्यातून कानडा मुलखात गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी हे पुराण जपले. १९०७ ची छापील आवृत्ती निघाली ती मंगळुरात. १६५९ साली फ्रान्सिस्को वाझ दि गिमारायशचे पुराण लिस्बनला छापले, त्याचा विषयच ख्रिस्ताचे दुःखसहन आणि मरण. उत्तर कोकणातल्या ख्रिस्ती घरांत उपवासकाळात ते म्हटले जाई. हे वाचताना मला नेहमी जाणवते की या लोकांना सिद्धान्त शिकवायचा होता, पण गाठ पडली ती एका आईशी. क्रूसाखाली उभ्या असलेल्या मरियेजवळ कथा आली की श्रोता तर्क विसरतो.

आमचा इकडचा मुलूख एकोणिसाव्या शतकात इंग्रजी दफ्तरात 'सदर्न मराठा कंट्री' म्हणून नोंदला जाई, बोली कन्नड असली तरी. बासेल मिशनने १८३७ मध्ये धारवाडला आणि १८३९ मध्ये हुबळीला काम सुरू केले. १८५३ साली इकडे आलेले फर्डिनांड किट्टेल आज कन्नड कोशामुळे ओळखले जातात, धारवाडच्या महाविद्यालयाला त्यांचे नाव आहे. त्यांनी १८७२ मध्ये यज्ञ या विषयावरही एक पुस्तिका लिहिली होती. वेदांतला यज्ञ माहीत असलेल्या माणसाशी ख्रिस्ताच्या अर्पणाबद्दल बोलायचे, तर त्याच शब्दावर उभे राहून बोलावे, हे त्यांनी ओळखले. त्याच सुमारास माझ्या माहेरगावचे बाबा पदमनजी, बेळगावला १८३१ मध्ये जन्मलेले आणि तिथेच १८५४ मध्ये बाप्तिस्मा घेतलेले, मराठी गद्यात आपल्या मनाचा उलगडा करत होते. त्यांचे आत्मचरित्र 'अरुणोदय' वाचताना कळते की पाप हा त्यांच्यासाठी वादाचा मुद्दा नव्हता; रात्री झोप न लागण्याचे कारण होते.

पंडिता रमाबाईंची वाट निराळी. १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेण्याच्या सुमारास त्यांनी लंडनमधले एक आश्रयगृह पाहिले. ज्यांना जगाने 'पतित' म्हणून टाकले होते अशा स्त्रियांची तिथल्या ख्रिस्ती भगिनी मायेने काळजी घेत होत्या. हे कशामुळे, असे त्यांनी विचारले, तेव्हा त्यांना शोमरोनी बाईची गोष्ट दाखवण्यात आली. तरी पुढे त्यांनीच आपल्या साक्षीत सांगितले, की ख्रिस्ती धर्म आधी मिळाला आणि ख्रिस्त कित्येक वर्षांनी. बुद्धीला पटलेला सिद्धान्त आणि अंगावरचे ओझे उतरणे यांत त्यांना एवढे अंतर जाणवले. मग केडगावला बसून त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल साध्या मराठीत आणले. ते १९२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले. जड संस्कृत शब्दांमागे दडलेला अर्थ खेड्यातल्या बाईच्या हाती लागावा, हा ध्यास.

आणि टिळक. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढे ख्रिस्ताला 'माउली' म्हटले. या एका संबोधनाने न्यायालयाची इमारतच हलली. आरोपी आणि न्यायाधीश यांच्यामध्ये दंडाचा व्यवहार होतो. माउली आणि लेकरू यांच्यामध्ये काय होते, हे वारकऱ्यांच्या मुलखात सांगावे लागत नाही. लेकराच्या तापात आई जागते. ताप तिचा नसतो, जागरण तिचे असते. टिळकांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरे केले. अलीकडे फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी 'सुबोध बायबल' लिहून हीच वाट आजच्या वाचकासाठी पुन्हा वहिवाटीची केली.

इथे मला माझ्या आईबद्दल सांगायचे आहे. तिच्यामुळेच मला हा विषय जो काही थोडा समजला तो समजला.

बेळगावला आमच्या गल्लीत बायकांची भिशी होती. बारा जणी, आणि हिशेब आईकडे. एका वर्षी दिवाळीच्या तोंडावर कळले की भिशीचे पैसे जिच्या घरी ठेवले होते, त्या शेजारणीने ते खर्च केले. नवऱ्याची नोकरी गेली होती, हे आम्हाला मागाहून समजले. त्या संध्याकाळी ती आमच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन बसली. आई भाकऱ्या थापत होती, थापतच राहिली. दोघी काय बोलल्या ते मला ऐकू आले नाही. दोन दिवसांनी भिशी ठरल्या वेळी निघाली, सगळ्यांना पैसे मिळाले, कुणाला काही कळले नाही. मला कळले, कारण आई पीठ मळत होती आणि तिच्या मनगटावर पाटल्यांच्या जागी फक्त फिक्या कातडीचे दोन पट्टे होते. पाटल्या सराफाकडे गेल्या होत्या आणि परत आल्या नाहीत. पुढे तिने काचेच्या बांगड्या घातल्या त्या शेवटपर्यंत.

मी मोठी झाल्यावर एकदा तिला विचारले, की चूक तिची, मग तू का भरलेस? आई देवळात नेमाने जाणारी होती, पण धर्मावर बोलणारी नव्हती. ती म्हणाली, "ते कुणावर तरी पडणारच होतं. तिच्यावर पडलं असतं तर ती उठली नसती."

क्षमेबद्दल मी पुष्कळ वाचले, पण या दोन वाक्यांच्या पुढे फारसे गेले नाही. 'जाऊ दे, झाले ते झाले' म्हणणे म्हणजे क्षमा, असे आपण समजतो. पण झालेले कुठे जात नाही. गेलेले पैसे, मोडलेला शब्द, गेलेली अब्रू यांची झळ कुणाला तरी लागतेच. ज्याने केले त्याला लागली तर त्याला आपण न्याय म्हणतो. ज्याचे गेले त्याने ती आपणहून घेतली तर ती क्षमा. तिसरी वाट म्हणजे ती झळ आणखी कुणा दुबळ्याकडे ढकलणे, आणि जगात बहुतेक वेळा घडते ते हेच. ख्रिस्ती श्रद्धा जेव्हा म्हणते की ख्रिस्ताने आमचे पाप वाहिले, तेव्हा ती पैशाचा हिशेब सांगत नसते. झळ देवाने स्वतःकडे वळवून घेतली, असे म्हणत असते. रागावलेल्या देवाला रक्त हवे होते म्हणून नव्हे. क्षमा करणाऱ्याचे मनगट रिकामे होतेच, म्हणून.

दाखला पुरा पडत नाही हे मला माहीत आहे. आईने सोने दिले, प्राण दिले नाहीत. ती शेजारीण एक होती, आणि इथे गोष्ट साऱ्या जगाच्या अपराधांची आहे. शिवाय ख्रिस्ती कथा मरणाशी थांबत नाही. तिसऱ्या दिवसाची रिकामी कबर नसती, तर शुक्रवारचे मरण आणखी एका सज्जनाचा बळी म्हणूनच उरले असते. तरी दाखल्यातली एक गोष्ट मला सोडवत नाही. ती शेजारीण माफी मागून मग सुटली नाही. आधी सुटली, मग हळूहळू रडली. पुढे किती तरी महिने ती दुपारी यायची, काही न बोलता आईबरोबर तांदूळ निवडत बसायची. पश्चात्ताप ही क्षमेची फी नव्हती; क्षमेमुळे आलेला होता.

आता एक इशारा, कारण या शिकवणुकीने जखमाही केल्या आहेत. शतकानुशतके युरोपात यहुद्यांना 'ख्रिस्ताचे मारेकरी' म्हणून छळले गेले. १९६५ मध्ये व्हॅटिकन परिषदेने तो दोष सर्व यहुद्यांवर टाकणे चूक आहे असे जाहीर केले, तोवर फार उशीर झाला होता. 'माणसाच्या पापासाठी' या शब्दांचा साधा अर्थ जरी नीट ऐकला असता, तरी बोट दुसऱ्याकडे दाखवता आले नसते. दुसरी जखम घरातली. मार खाणाऱ्या बाईला 'हा तुझा क्रूस आहे, सोस' असे सांगितले गेले आहे, देवघराच्या साक्षीने. राबवून घेतलेल्या माणसालाही तेच. येशूने क्रूस घेतला तो आपणहून, आणि मारणाऱ्यांचे पाप उघडे पाडत घेतला. कुणी तुमच्या पाठीवर लादलेला ओंडका म्हणजे तो क्रूस नव्हे. माझ्या आईच्या पाटल्या कुणी ओरबाडून नेल्या असत्या, तर ती चोरी झाली असती. हा फरक जिथे पुसला जातो तिथे ही शिकवण विषारी होते, आणि या संग्रहातले काही उतारे त्या कडेवरून चालतात. ते तसेच ठेवले आहेत. वाचकाने डोळे उघडे ठेवून वाचावेत.

दरवर्षी उत्तम शुक्रवारी दुपारी बारा ते तीन आमच्या देवळात सात शब्दांची उपासना होते. येशू क्रूसावरून सात वेळा बोलला, त्यावर सात जण बोलतात. वेदीवर फुले नसतात, काळे कापड असते. बाहेर चैत्राचे ऊन, पंखे असून नसल्यासारखे, आजीच्या मांडीवर झोपलेली पोरे. पहिल्या शब्दात तो मारणाऱ्यांसाठी क्षमा मागतो. तिथपर्यंत सारे सोपे असते. चौथ्या शब्दाला देवळात हालचाल थांबते. तो देवाला विचारतो की तू मला का टाकलेस. बोलणारा पाळक असो वा शाळामास्तर, त्या शब्दाशी प्रत्येकाचा आवाज उतरतो, कारण याचे नीटस उत्तर कुणाजवळ नसते. तो प्रश्न येशूचा स्वतःचाही नाही; तो बाविसाव्या स्तोत्रातला, त्याच्या आधी कित्येक पिढ्यांनी रडून विचारलेला. मरताना त्याने माणसांचाच प्रश्न तोंडात घेतला.

या धारवाडातच जी. ए. कुलकर्णी इंग्रजी शिकवत राहिले आणि इथेच मराठीतल्या सर्वांत काळोख्या कथा लिहिल्या. त्यांच्या माणसांवर दुःख कोसळते ते कारण न सांगता, आणि वर पाहिले तर तिथे उत्तर द्यायला कुणी नसते. हा संग्रह जुळवताना मी जीएंना बाजूला ठेवू शकले नाही. त्यांचा प्रश्न खोडून काढणारे पुस्तक मला करायचे नव्हते. चौथा शब्द ऐकताना वाटते, ख्रिस्ती श्रद्धेलाही त्या प्रश्नाचे उत्तर सापडलेले नाही. तिचे म्हणणे एवढेच, की तो प्रश्न विचारणाऱ्यांमध्ये देवही एकदा उभा राहिला. ज्याला हे पुरेसे वाटत नाही त्याच्याशी मी वाद घालणार नाही. मला ते बहुतेक दिवशी पुरते.

उतारे काळाच्या क्रमाने लावले आहेत, पण वाचताना क्रम पाळायची गरज नाही. पुराणांची भाषा अडली तर मोठ्याने वाचा. ती कानासाठी लिहिलेली आहे. सिद्धान्ताची पाने कंटाळवाणी वाटली तर खुशाल उलटा. मात्र एकेक शब्द कुठे आला आहे तिथे थोडे थांबा: खंडणी, बळी, कोकरू, प्रायश्चित्त, समेट, माउली. प्रत्येक शब्दाने थोडे दाखवले आणि थोडे झाकले. चारशे वर्षे मराठी माणसे एक शब्द ठेवून दुसरा उचलत आली, याचा अर्थ त्यांना सांगायचे ते शब्दात मावत नव्हते.

हे लिहीत बसले आहे तेव्हा खिडकीबाहेर केलगेरीचे तळे उन्हाने आटून काठापासून दूर गेले आहे, आणि गोव्याच्या रस्त्याला कैऱ्यांचे ढीग मांडून बायका बसल्या आहेत. टेबलावर पुराणाची प्रत, रमाबाईंचे बायबल आणि आईची एक काचेची बांगडी आहे. ती बांगडी मी पानावर वजन म्हणून ठेवते. वारा सुटला की पाने उडतात. वजन फारसे नाही तिचे, पण पान धरून ठेवते.

केलगेरी, धारवाड
उपवासकाळ